दुमडीतलं कुसळ

ती. दादांना,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो प्रत्यक्षात अर्धाच झाला. उरलेला भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की जिना चढताना तो कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. आपली धुलाईची जुनी मशीनही भरताना कुरकुरते आणि रिकामी करताना गप्प असते, आणि ती अजून चालते आहे, तेव्हा काळजी नसावी. वहिनींना नमस्कार. त्यांनी पाठवलेला स्वेटर मला होत नाही. आमच्या मंडळीलाही होत नाही. सध्या तो वरच्या खोलीतल्या खुर्चीच्या पाठीला घातला आहे आणि खुर्ची एकदम प्रतिष्ठित दिसते. वहिनींना एवढंच सांगा की स्वेटर वापरात आहे.

आता पटांगणाविषयी. तुम्ही विचारलं आहे की रान कापून घेतलंस का, आणि नसशील घेतलं तर त्याला कारण काय. कारण आहे, पण ते लांब आहे. पाय वर घेऊन बसा आणि चष्मा लावा. (चष्म्याचा संबंध पुढे येईल.)

पटांगण म्हणजे आपण लहानपणी लाँड्रीच्या चादरी वाळत घालायचो तेच, हे मी तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही ते पाहून बरीच वर्षं झाली. खांब उभे आहेत, तारा गेल्या. धुण्याचा दगडी हौद कोरडा आहे. सुकवायची मशीन आली तेव्हापासून आपलं तिथे जाणं थांबलं, आणि माणूस जायचा थांबला की पहिलं जे येतं ते आलं आहे. कंबरेएवढं झाड, पांढऱ्या चारपाच पाकळ्या, मधे पिवळी टिकली. दिसायला अगदी गरीब. शाळेतल्या बाई म्हणायच्या की हे सूर्यफुलाच्या आणि शेवंतीच्या कुळातलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की मोठ्या घराण्यात असं एखादं निघतंच. (आणि माझ्याकडे पाहिलं होतंत.) पाकळ्या गळल्या की त्या टिकलीच्या जागी काळ्या सुयांचा गोळा होतो आणि प्रत्येक सुईच्या टोकाला दोन दाते असतात. जवळून गेलं की धरतात. आपण त्यांना पाहुणे म्हणायचो, कारण बोलावल्याशिवाय यायचे आणि निघतो निघतो म्हणत बसून राहायचे. झाड स्वतः एकच वर्ष जगतं. उगवतं, फुलतं, कुसळं धरतं आणि वाळून जातं. पुढच्या वर्षाचं सगळं ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांवर सोपवून मोकळं होतं. कपड्यांवर सोपवलं म्हणजे शेवटी आपल्यावरच आलं.

कारण हे कुसळ ब्रशानं निघत नाही. ब्रशानं कुसळ तुटतं, दाते कापडात राहतात, आणि गिऱ्हाईक बसलं की उठतं. ते ज्या बाजूनं आत गेलं त्याच बाजूनं, ओढून नाही, समजूत काढून बाहेर आणावं लागतं. हे काम आपल्याकडे एकट्या आक्काचं. खाली गल्ल्यावर मी, धुलाईच्या मशीनपाशीही मी, आणि वर खिडकीजवळ आक्का. कपडे अजून छतातल्या त्याच भोकातून टोपलीत घालून दोरीनं वर जातात. (दोरी बदलली. कप्पी तीच.) आई गेल्यावर आक्कानं तो वरचा मजला धरला तो धरलाच. तुम्ही शिकायला बाहेर पडलात, मी लग्न केलं, आणि टोपली वर जाते, खाली येते. आक्काच्या हातून कधी एक कुसळ राहिलेलं नाही. तुम्हीही तिला आक्काच म्हणता, तुमच्याहून लहान असून, यातच काय ते आलं.

आता चष्मेवाले. हे तुम्ही गेल्यावर आले म्हणून तुम्हाला माहीत नाहीत. आपल्या समोरच, रस्ता ओलांडून, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. विधुर आहेत. उंच, सावकाश गृहस्थ. अर्धं वाक्य बोलतात आणि उरलेलं अर्धं चष्मा पुसण्यात घालवतात. दर गुरुवारी आपलं दुकान बंद असतं, तसं त्यांचंही. आणि दर शुक्रवारी सकाळी ते एक राखाडी पँट घेऊन गल्ल्यापाशी उभे. गुडघ्यापर्यंत कुसळंच कुसळं. मी पँट टोपलीत टाकायचो, दोरी ओढायचो, संध्याकाळी पँट खाली यायची, ते घेऊन जायचे. हा माणूस दर गुरुवारी कुठल्या रानात शिरतो हा प्रश्न मला पडला होता, नाही असं नाही. पण बाबांचा नियम. डाग काढायचा, डागाची चौकशी करायची नाही. दादा, बाबांचे बाकीचे नियम मी कसे पाळले ते तुम्हाला माहीत आहे. हा एक मात्र मी तंतोतंत पाळला, आणि यानंच माझा घात केला.

झालं असं, की एका संध्याकाळी पँट खाली आली आणि घडी घालताना माझ्या बोटाला टोचलं. डाव्या पायाच्या दुमडीत एक कुसळ होतं. एकच. बाकी सगळी पँट आरशासारखी. मी ते पाहिलं आणि मला भरून आलं. आक्काच्या हातून राहिलं, म्हणजे आक्काचे डोळे चालले. मी कुसळ तसंच ठेवून पँट दिली, कारण वाटलं, एकदा होतं. पण पुढच्या आठवड्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. तीच डावी दुमड. (आता तुम्ही म्हणाल, गाढवा, दर वेळी त्याच जागी, तेव्हा तुला संशय यायला नको? आला. मला वाटलं, आक्काचा फक्त डावा डोळा गेला.)

मंडळीला मी हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चिरायला लागली. मला वाटलं, तिलाही वाईट वाटलं.

मी ठरवलं की आक्काला कळू द्यायचं नाही. जिनं मला अंघोळ घातली, शर्टाची बटणं लावायला शिकवली, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं की तुला आता दिसत नाही? तेव्हा मी एक बारीक चिमटा आणला. पँट खाली आली की गल्ल्याच्या आड बसायचं, दुमड उलटायची, ते कुसळ समजूत काढून बाहेर काढायचं आणि पँट कागदात बांधायची. मला त्या कामाचा अभिमान होता, दादा. असं वाटायचं की इतक्या वर्षांनी आक्कासाठी काहीतरी करतो आहे, आणि तेही तिला कळू न देता.

चष्मेवाले पँट न्यायला आले. त्यांनी कागद तिथल्या तिथे सोडला, हे मला नवीन होतं. डावी दुमड उलटून पाहिली. मग उजवी. मग पुन्हा डावी.

"सगळी निघाली?" ते म्हणाले.

"एक ठेवलं नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत रस्ता ओलांडून गेले. चष्मा डोळ्यांवर नव्हता. हातगाडीवाला त्यांना बरंच काही बोलला.

पुढच्या शुक्रवारी पँट आलीच नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नाही. आता आपल्या घरात काय सुरू झालं ते सांगतो. आक्का गुरुवारी दुपारी पाय मोकळे करायला जाते, ही तिची जुनी सवय. त्या गुरुवारी ती गेली आणि लौकर परत आली, शाल झटकली, आणि बोलेना. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलरना अशी खळ पडली की बँडमास्तर मान वळवता येईना म्हणून सबंध अंगानं वळून मला नमस्कार करायला लागले. मी वर जाऊन विचारलं, आक्का, बरं नाही का? ती म्हणाली, "मालक, खाली गिऱ्हाईक असेल." (रागावली की ती मला मालक म्हणते. गाढव म्हणाली तर परवडतं.) आणि मग, दादा, जे आपल्या दुकानात कधी झालं नाही ते झालं. आक्कानं शर्ट जाळला. दंतवैद्यांचा पांढरा शर्ट, पाठीवर बरोब्बर इस्त्रीच्या आकाराचा डाग. दंतवैद्य चांगले म्हणून बरं. म्हणाले, वरून कोट घालतो.

माझ्या दृष्टीनं आता शंका उरली नव्हती. आक्काचे डोळे गेले होते. आणि डोळे गेल्यावर माणसाला कुठे न्यायचं? समोर चष्म्याचं दुकान होतं.

आक्का यायला तयार नव्हती. मी म्हणालो की माझेच डोळे तपासायचे आहेत, मला एकट्याला भीती वाटते. हे तिनं लगेच मान्य केलं. (मी याचा पुढे विचार केलेला नाही.) चष्मेवाले आम्हाला पाहून उठून उभे राहिले आणि त्यांच्या मागची खुर्ची पडली. मला वाटलं, गिऱ्हाईक कमी असेल. मी आक्काला तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. आक्का माझ्याकडे अशी पाहत होती की तिच्या नजरेत दोष नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चष्मेवाल्यांनी अक्षरांचा तक्ता लावला. आक्कानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, भाजीची यादी वाचावी तसा. मग म्हणाली, "खाली छापखान्याचं नाव आहे. तेही वाचू?" ते अक्षर, दादा, मुंगीच्या पायाएवढं. चष्मेवाले चष्मा पुसायला लागले. मला करमेना, म्हणून मी टेबलावरच्या वस्तू पाहू लागलो. भिंगं ठेवायची एक डबी उघडी होती. तिच्यात कापसावर तीन काळी कुसळं होती. माझ्या मनात आलं, एवढं टापटिपीचं दुकान आणि हा कचरा. मी फुंकर मारली.

चष्मेवाले गुडघ्यांवर बसून जमिनीवर शोधायला लागले. मी म्हणालो, अहो, राहू द्या, आमच्याकडे ढीगभर आहेत. आणि बोलायला विषय मिळाला म्हणून पुढे बोललो, की दूरचं हिला दिसतं, पण जवळचं पाहा, तुमच्याच पँटमध्ये तीनदा कुसळ राहिलं, शेवटी चौथ्यांदा मीच काढलं.

"काय काढलंस?" आक्का म्हणाली.

"तू ठेवलेलं. म्हणजे, राहिलेलं."

"डाव्या दुमडीतलं?"

"हो. चिमट्यानं."

टेबलाखालून चष्मेवाल्यांचा आवाज आला. "म्हणजे त्यांनी ठेवलं होतं."

"ठेवलं होतं हो," मी म्हणालो. "म्हणून तर म्हणतो, डोळे."

आक्का मला गाढव म्हणाली. मग हसली. दादा, आक्का कशी हसते ते मी विसरलो होतो. आधी आवाज येतच नाही, खांदे हलतात, आणि मग एकदम नाकातून. आई असताना ती जेवताना अशी हसायची आणि तुम्हाला ठसका लागायचा. चष्मेवाले टेबलाखालून वर आले तेव्हा त्यांच्या केसांना धूळ होती आणि बोटाच्या टोकावर एक कुसळ होतं. मी विचारलं, मग नंबर कितीचा? ते म्हणाले, नंबर नाही, पण डोळे दर आठवड्याला तपासलेले बरे. मी म्हणालो, दर आठवड्याला? इतके बिघडलेत? ते म्हणाले, "बिघडलेले नाहीत, म्हणूनच." एवढं मोठं वाक्य त्यांनी पूर्ण केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

घरी आलो तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. रात्री जेवताना मंडळीनं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, घास घास थांबून. की ते दोघं गुरुवारी पटांगणात जातात. हौदाच्या कट्ट्यावर बसतात. उठताना आक्का आपल्या शालीची कुसळं वेचून टाकते, चष्मेवाले मुद्दाम टाकत नाहीत, कारण मग शुक्रवारी पँट घेऊन यायला निमित्त राहतं. पँट वर जाते. आक्का सगळी काढते आणि एक ठेवते. एक ठेवलं म्हणजे, येत्या गुरुवारी येते आहे. काही ठेवलं नाही म्हणजे, येत नाही. पहिल्यांदा ते खरोखर नजरचुकीनं राहिलं होतं की नाही, हे आक्का सांगत नाही. मी विचारलं, तुला हे कधीपासून माहीत? मंडळी म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे. हातगाडीवाल्याला माहीत आहे. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, तुम्हाला हातात धरलेलं दिसलं नाही." मग मला आणखी एक पोळी वाढली, म्हणजे फार रागावलेली नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रान कापायला मी दोन माणसं ठरवली होती, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, गोदामवाले विकत घ्यायची म्हणून जागा पाहायला यायच्या आत. ठरलं होतं म्हणून त्यांना घेऊन परवा तिथे गेलो. फाटकापासून एक पायवाट आत जाते. दोन्ही बाजूंना झाडं वाळायला आलेली, मधेच एखादं उशिरा फुललेलं. पायवाट सरळ हौदाकडे जाते. कट्ट्यावर सगळीकडे शेवाळ आणि धूळ आहे, आणि दोन जागा स्वच्छ. दोन जागांच्या मधे घडी घातलेली एक चादर मावेल एवढं अंतर आहे. घडी नीट घातलेली. मी ते बराच वेळ पाहिलं. माणसांनी विचारलं, कुठून सुरुवात करू? मी म्हणालो, आज राहू द्या, माझी कंबर धरली आहे. त्यांचा माझ्या कंबरेशी काही संबंध नव्हता, पण ती सभ्य माणसं होती. परत येताना आम्ही तिघंही मांड्यांपर्यंत भरलो होतो. त्यांचे कपडे आक्कानं त्याच दिवशी करून दिले. माझी पँट तिनं खाली टाकली आणि म्हणाली, चिमटा आहे ना तुझ्याकडे.

तर असं आहे. रान कापलेलं नाही. गुडघ्याला शेक द्या. जिन्याला धरून उतरा. मुलांना आशीर्वाद, वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि खुर्चीचाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. गोदामवाले काल न कळवता आले. पटांगण दाखवा म्हणाले. त्यांच्या अंगावर काळा लोकरी सूट होता. मी सूचना करणार होतो, पण बाबा म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या कपड्यांविषयी आपण आधी बोलू नये. मी त्यांना चारही कोपरे दाखवले, मधला भागही, आणि पुन्हा एकदा चारही कोपरे. सूट आपल्याकडे आला आहे. आक्का म्हणते, घाई करता येणार नाही. जागेविषयी त्यांनी अजून काही विचारलेलं नाही.

ता. क. दुसरं. पटांगण आपल्या तिघांच्या नावावर आहे आणि थोरले तुम्ही आहात. विकू नका एवढं मागतो. मी आजवर तुमच्याकडे सायकल सोडून काही मागितलेलं नाही. आणखी एक. चष्मेवाले पुढच्या आठवड्यात तुमच्या गावाला येत आहेत. भिंगं घ्यायला येतो आहे म्हणतील. तुमच्याकडे येतील, अर्धं वाक्य बोलतील, चष्मा पुसतील. बहुतेक आधी तुमचे डोळे तपासतील. तपासू द्या. उरलेलं अर्धं वाक्य काय आहे ते तुम्हाला आता माहीत आहे, पण माहीत आहे असं दाखवू नका. त्यांना ते स्वतः पूर्ण करू द्या, कितीही वेळ लागला तरी. आणि नाही म्हणू नका, दादा. वरच्या मजल्यावरची इस्त्री मी शिकतो आहे. दंतवैद्यांचा दुसरा शर्ट माझ्या हातून गेला.

ता. क. तिसरं. हे पत्र मी आक्काला दाखवणार नव्हतो. पण मी कागद टोपलीत ठेवून गिऱ्हाइकाकडे वळलो आणि मंडळीनं दोरी ओढली. आक्कानं सगळं वाचलं. म्हणाली, दादाची परवानगी मागायला मी काय सायकल आहे? मी म्हणालो, बरं, दुसरी ता. क. खोडतो. तर म्हणाली, राहू दे. मग पत्राची घडी तिनंच घातली, म्हणून ती अशी सुरेख आली आहे. तुम्ही उघडाल तेव्हा घडीच्या डाव्या बाजूला एक काळं कुसळ असेल. ते नजरचुकीनं राहिलेलं नाही. झटकू नका. तिचं म्हणणं आहे की तुम्ही या.